भाचीचं घुबड आणि आमचा कळंब

भाचीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. ती कोरेगाव पार्कातल्या कुठल्याशा कार्यशाळेहून परतली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आत्या, माझं स्पिरिट अ‍ॅनिमल घुबड निघालं!"

आई देवघरासमोर वाती वळत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "काय निघालं?" घुबड ऐकल्यावर मात्र हातातली वात तबकात ठेवली. लग्नघरात त्याचं नाव काढू नये, एवढंच म्हणाली. भाची तिची समजूत घालायला बसली. "अगं आजी, आपलं देवक असतं ना, तसंच ते. घराण्याचं झाड आहे, तसा हा माझा पाठीराखा पक्षी आहे."

ऐकायला बरोबर वाटतं. मीही बरीच वर्षं असंच धरून चालले होते. देवक म्हणजे टोटेम (कुळाचं चिन्ह), टोटेम म्हणजे स्पिरिट अ‍ॅनिमल, सगळं एकाच माळेतलं. पण त्या चार दिवसांत देवकाची डहाळी शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि ही माळ सुटली.

आधी देवक. लग्नामुंजीच्या वेळी कुळाचं जे चिन्ह आणून मांडवात बसवतात, ते. आमच्याकडे कळंबाची डहाळी. आदल्या दिवशी ती मारुतीच्या देवळात नेऊन ठेवतात, मग नवरीचे आईवडील उपरण्याची गाठ मारून जातात आणि वाजतगाजत घरी आणतात. एकदा देवक बसलं की ते उठेपर्यंत घराला सुतक लागत नाही. आमच्या आजोळी अशा एका लग्नात चुलत आजोबा गेल्याची बातमी आली होती. थोरल्या मामाने ती स्वतःजवळ ठेवली आणि पंगत वाढायला उभा राहिला. देवक उठल्यावरच घरात रडणं झालं. लहानपणी मला ते क्रूर वाटलं होतं. आता वाटतं, शंभर माणसं गावोगावहून आलेली, अन्न शिजलेलं, अशा वेळी घराला तगवून धरायची ती सोय होती.

देवकांच्या याद्या वाचायला घेतल्या तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. वड, पिंपळ, उंबर, शमी, रुई, वेळू, केतकी, मारवेल, वासनवेल. पुष्कळ कुळांचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. प्राणी थोडेच, आणि तेही बहुतेक पिसापुरते: मोऱ्यांचं मोरपीस, साळुंख्यांचं साळुंकीचं पीस. शिवाय शंख आहे, तलवार आहे. एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींची माहिती १९२० ते १९२२ या काळात तीन खंडांत छापली, त्यातही कुळागणिक देवकं नोंदलेली आहेत. ती वाचताना प्राणिसंग्रहालय नाही, रोपवाटिका आठवते. 'अ‍ॅनिमल' हा शब्द इथेच अर्धा गळून पडतो.

आणि देवकाचं मुख्य काम पूजेचं नाही, सोयरिकीचं. स्थळ आलं की पगार आणि पत्रिका यांच्याही आधी आमच्या आत्येसासूबाई विचारायच्या, "देवक काय?" दोघांचं देवक एक निघालं तर ती भावंडं, चहा पिऊन पाहुणे उठायचे. आडनाव एकच असूनही देवक वेगळं म्हणून लग्नं झालेली आहेत, आणि आडनावं वेगळी असून देवकापायी मोडलेलीही आहेत. कायद्याला यातलं काही ठाऊक नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदा सपिंड बघतो, बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन. देवक कुठलं ते विचारत नाही. तरी वधूवर मेळाव्याच्या फॉर्मवर देवकाचा रकाना अजून असतो.

देवक तुमच्या स्वभावाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. कळंबाच्या कुळातली माणसं कळंबासारखी शांत किंवा सावली देणारी असतात, असं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. (आमच्या घरातली माणसं बघता कोणी म्हणणारही नाही.) ते मिळवावं लागत नाही, शोधावं लागत नाही. जन्माला आलात, तुमचं देवक ठरलं. बदल्यात पाळायचं इतकंच की त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही.

आता भाचीचं घुबड. कार्यशाळेत काय झालं ते तिने रंगवून सांगितलं. चटईवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, एका लयीत ढोल. मनातल्या मनात जमिनीतल्या भोकातून खाली उतरायचं आणि जो प्राणी पुनःपुन्हा समोर येईल तो आपला. हे तंत्र आजच्या रूपात रूढ केलं ते मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या जमातींत तो राहिला होता, आणि १९८०च्या आपल्या पुस्तकात त्याने ही पद्धत कोणत्याही एका जमातीच्या देवधर्मापासून सोडवून कोणालाही करता येईल अशी मांडली. त्याचा शब्द 'पॉवर अ‍ॅनिमल'. सुटी केली म्हणूनच ती शनिवार-रविवारात बसते आणि पुण्यापर्यंत पोचते.

मग या दोन गोष्टी एक वाटायला लागल्या कशा? याचं उत्तर मला फार मजेचं वाटलं, कारण हा घोळ भाचीचा नाही, सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. 'टोटेम' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांभोवती राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या 'डूडेम'वरून आला. इंग्रजी छापील पानावर तो आणला जॉन लाँग नावाच्या व्यापारी-दुभाष्याने, १७९१ साली. त्याने एका शिकाऱ्याची गोष्ट सांगितली: याच्या हातून चुकून अस्वल मारलं गेलं, अस्वल तर याचं टोटेम, आता आपला पाठीराखा रागावला म्हणून तो हवालदिल झाला.

घोटाळा असा की ओजिब्वेंकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डूडेम म्हणजे कूळ: बगळ्यासारख्या क्रौंचाचं, अस्वलाचं, माशाचं. ते बापाकडून येतं आणि एका डूडेमच्या मुलामुलींची लग्नं होत नाहीत. म्हणजे थेट आपलं देवकच की! दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा पाठीराखा. तो वारशाने येत नसे. वयात येऊ लागलेलं पोर तोंडाला कोळसा फासून रानात एकटं जायचं, काही दिवस अन्नाला शिवायचं नाही, आणि स्वप्नात जो येईल तो जन्माचा सोबती. लाँगने हा पाठीराखा पाहिला आणि नाव दिलं कुळाचं. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पानं आपल्या हातात पडतात, तसंच हे. घेणाऱ्याला फरक कळत नाही आणि नाव चिकटतं. क्लोद लेवी-स्त्रोस या फ्रेंच अभ्यासकाने १९६२ साली ही चूक नीट उकलून दाखवली, पण तोवर शब्द जगभर झाला होता.

तेव्हा जोड्या लावायच्याच तर देवकासमोर डूडेम ठेवावं. भाचीच्या घुबडासमोर तो उपाशी पोराचा पाठीराखा येतो, तोही लांबूनच. उपास नाही, रान नाही, मिळाल्यावर तोंड मिटून ठेवणं नाही. तिने तर रिक्षातूनच स्टेटस टाकलं होतं. मी चेष्टा करत नाही. तिला त्या दिवशी काहीतरी जाणवलं होतं, डोळे वेगळे दिसत होते. पण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना 'स्पिरिट अ‍ॅनिमल' या शब्दाचा राग का येतो तेही समजून घ्यावं. १८८३पासून तिथल्या सरकारने त्यांच्या नाचांवर, विधींवर बंदी घातली होती. धर्म पाळायच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा झाला १९७८ साली. ज्यापायी आजोबांना शिक्षा झाली तेच कॉफीच्या मगावर विनोद म्हणून छापलेलं बघायचं, हे कोणाला रुचेल?

कार्यशाळेतून तिने एक जुडीही आणली होती. राखाडी पानांची, दोऱ्याने गुंडाळलेली. पांढरा सेज. पेटवून धूर घरभर फिरवायचा. आईला ते एकदम पटलं. "म्हणजे धुरीच." पण धुरी म्हटलं तरी गोष्ट तीच होत नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकतात ती अंगाला शेक मिळावा, बाळाला सर्दी होऊ नये म्हणून. तिन्हीसांजेला ऊद जाळतात तो देवासाठी. एक औषध, एक पूजा, आणि हे दोन्ही करणाऱ्या बाईला त्यातला फरक पक्का माहीत असतो. सेज दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्यातच मुळात उगवतो, तिथल्या जमातींना तो पवित्र आहे, आणि जगभरच्या मागणीपायी रानातून चोरून ओरबाडला जातो. यावर मान हलवण्याआधी आपला गुग्गुळ आठवावा. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं ते झुडूप डिंकासाठी इतकं चिरलं गेलं की आज ते अतिधोक्यातल्या वनस्पतींमध्ये मोजलं जातं. आमच्या धुपाटण्यातला चिमूटभर त्यातलाच.

कळंबाकडे येते. मंडईत पत्री विकणाऱ्या मावशींना विचारलं तर त्यांनी पंख्याएवढ्या पानांची फांदी काढून दिली. शहरात रस्त्याकडेला लावतात तो कदंब, पावसाळ्यात ज्याला केशरी लाडवांसारखी फुलं येतात. आईने पान हातात घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. "हा नव्हे." आमचा कळंब गावाकडचा, पान तळहाताएवढं, फुलाचा गेंद लहान, फिकट पिवळा. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांनाही लोक कळंब म्हणतात. भाऊ म्हणाला, नाव तेच आहे ना, मग झालं. आई ऐकेना. शेवटी तो पहाटे भोरकडे गावी गेला आणि बांधावरच्या झाडाची डहाळी ओल्या फडक्यात बांधून घेऊन आला. झाडाला आधी हात जोडलेस का, हे तिने दोनदा विचारलं.

घुबडाचा आईने स्वतःपुरता निकाल लावला होता. तिच्या लेखी ते देवकही नाही आणि पाठीराखाही नाही, तो शकुन. तिच्या माहेरी पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा, पिंगळा पक्ष्याची बोली ऐकून भविष्य सांगायचा. त्याला सुपातून दाणे घातल्याशिवाय पाठवायचे नाहीत. पिंगळा म्हणजे घुबडाचाच लहान भाऊ, हे मी सांगितल्यावर ती थोडी नरमली.

देवक बसलं त्या रात्री मी आणि भाची मांडवात उशिरापर्यंत होतो. डहाळी सुपाशेजारी बांधलेली, पानं कडेने मिटायला लागलेली. तिने विचारलं, "आत्या, तुझं देवक पण कळंबच ना?"

नाही. लग्न झालं तेव्हापासून माझं देवक सासरचं, पंचपल्लव. ही डहाळी शोधत मी चार दिवस पुणं पालथं घातलं, पण हिशोबाने ती माझी राहिलेली नाही. आणि परवापासून तिचीही राहणार नव्हती.

ती जरा वेळ गप्प बसली. मग गळ्यातल्या साखळीतलं चांदीचं इवलंसं घुबड चाचपत म्हणाली, "हे मात्र येईल माझ्याबरोबर."

सकाळी हळदीच्या वेळी आईने ते पाहिलं. मला वाटलं, आता काढायला लावणार. तिने फक्त साखळी फिरवली आणि घुबड पाठीकडे, पदराच्या आत सरकवलं.