तडजोडीआधीचा राजीनामा

राजस्थानातल्या लोकअदालतीच्या बातमीत ‘राजीनाम्या’ने प्रकरणं मिटल्याचं वाचलं की मराठी माणूस अडखळतो. राजीनामा दिला कुणी? कुणीच नाही. तिकडच्या कोर्टात त्याचा अर्थ वादी-प्रतिवादींची तडजोड. एके काळी आपल्याकडेही हा शब्द त्याच वाटेवर होता.

मराठेशाहीत पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा तंटा गोतापुढे (गावकरी-भाऊबंदांच्या सभेपुढे), पंचायतीपुढे आला की दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत: पंच करतील तो निवाडा आम्हांस राजीखुशीने मान्य. सोबत जामीन. निवाडा झाल्यावर हरलेला येजितखत देई, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद. राजी व्हायचं ते निकालाआधी. कोण किती सोडणार, हा प्रश्नच नव्हता.

गंमत म्हणजे इंग्रजी कॉम्प्रोमाइजची मुळीही अशीच. रोमन कायद्यातलं ‘कॉम्प्रोमिसुम’ म्हणजे लवाद सांगेल ते मानू, असं दोन्ही पक्षांनी एकमेकांना दिलेलं वचन. दोघांनी थोडंथोडं सोडायचं, हा अर्थ मागाहून आला. आपल्याकडे राजीनामा महसुलाच्या दप्तरात शिरला. जमीन सोडणाऱ्याचा राजीनामा, घेणाऱ्याची कबुलायत. सोडण्याचा तो अर्थ पुढे खुर्चीलाही चिकटला आणि मिटवण्याचं काम तडजोडीकडे आलं.

तडजोडीची पत मात्र वाक्यागणिक बदलते. भावाभावांत केली तर शहाणपण, ‘तत्त्वांशी’ केली तर बदनामी. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ ही पाटी तर फरसाणाच्या दुकानातही दिसते. मुंबईची ‘मांडवली’ आणखी खालच्या पायरीवर. तिच्यात दमदाटीचा वास आहे.

कोर्टात हा शब्द अजून स्वच्छ आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २३, नियम ३ तडजोडीचा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ती लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी, असं ठरलं. तोंडी ‘मिटलं आमचं’ म्हणून भागत नाही. तालुक्याच्या कोर्टात यासाठी तडजोड पुरसीस, म्हणजे पक्षकारांचं लेखी निवेदन, दाखल होते. बांधाचा दावा असेल तर हद्द कुठून धरायची, वहिवाटीची वाट किती फुटांची, आणि शेवटी बहुधा ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’. खाली दोघांच्या सह्या, नाहीतर अंगठे. त्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, झाला की सहसा अपील चालत नाही, म्हणून त्याआधी न्यायाधीश दोघांनाही विचारतात: मजकूर समजला का?