कॅमेरा किती जवळ जातो आणि किती मोठं दाखवतो

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘मॅक्रो १ सेंमी’ असं छापलेलं दिसलं की एवढ्या जवळ जातोय म्हणजे बारीकसारीक सगळं मोठं दिसणार, असं आपण धरून चालतो. पण कॅमेरा किती जवळ जातो ही एक गोष्ट आणि किती मोठं दाखवतो ही दुसरी. बेताच्या पैशात हौसेसाठी क्लोज-अपचा कॅमेरा घ्यायचा असेल, तर या दोन्हींतला फरक आधी कळलेला बरा.

आधी अंतराचं बघू. हे अंतर सगळीकडे एकाच ठिकाणापासून मोजत नाहीत. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात ते बहुधा लेन्सच्या पुढच्या काचेपासून धरतात. डीएसएलआर आणि मिररलेस या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये ते आतल्या सेन्सरपासून, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागापासून, धरतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं, ती सेन्सरची जागा. म्हणजे डीएसएलआरसोबत येणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सच्या २५ सेंमीमध्ये लेन्सची लांबीही आली. १ सेंमी आणि २५ सेंमी हे आकडे शेजारी ठेवून काहीच ठरत नाही.

शिवाय छोट्या कॅमेऱ्याचा तो १ सेंमी झूम अजिबात न करताच मिळतो. झूम केला की बरंच मागे सरकावं लागतं. आणि इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचीच सावली फुलावर पडते. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) तर तुम्हाला तिथवर पोचूच देत नाही.

आता मोठं दिसण्याचं. १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. ती १८-५५ लेन्स साधारण ०.३५ पटीपर्यंत जाते. अशा कॅमेऱ्यांत बहुधा असणारा एपीएस-सी आकाराचा सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद, म्हणजे फोटोत साधारण साडेसहा सेंमी रुंदी मावते. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र जेमतेम ६ मिमीचा. त्यावर नुसती पाव पट प्रतिमा पडली, तरी फोटोत अडीच सेंमीच मावतात आणि वस्तू जास्त मोठी दिसते! त्यामुळे वेगवेगळ्या सेन्सरचे कॅमेरे जोखताना हा आकडाही एकटा कामाचा नाही.

खरा प्रश्न एकच: फोटोच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात? नवी पेठेत दुकानात जाताना मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात टाका. पट्टीवर जमेल तितक्या जवळून फोकस करा, फोटो काढा आणि मिलिमीटर मोजा. एकदा झूम न करता, एकदा पूर्ण झूम करून. दोन्ही वेळा लेन्स आणि पट्टी यांच्यात किती जागा उरली तेही बघा. ‘मॅक्रो’ म्हणून २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा लावलेले फोनही असेच तपासा. त्यांचा फोटो जेमतेम १६०० पिक्सेल रुंद असतो. २५ मिमी मावत असतील तर एका मिलिमीटरला ६४ पिक्सेल आले.

हे ६४ पुरेत का, ते तुम्ही काय टिपणार त्यावर आहे. आपल्याकडचं डाळिंबच घ्या. फळावरचा तेल्या रोगाचा डाग चांगला मोठा असतो; साधा फोनही तो दाखवतो. पानावरच्या डागाचा फोटो हवा असेल तर पान उजेडाकडे धरून मागच्या बाजूने काढा, डागाभोवतीची पिवळसर कड स्पष्ट येते. फुलकिडा मात्र जेमतेम १ मिमीचा. ६४ पिक्सेलांत तो नुसती एक काडी दिसतो. २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरवर १:१ ने त्याच मिलिमीटरला अडीचशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, आणि केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातल्या माणसाला फोटो दाखवायचा तर तो असा हवा.

सोलापुरी चादरीची वीण, टॉवेलची किनार, देवघरातली चांदीची मूर्ती टिपायची असेल तर नवा खर्च करूच नका. या वस्तू कुठे पळत नाहीत आणि साडेसहा सेंमीची चौकट त्यांना भरपूर होते.

किडे-फुलपाखरांसाठी मात्र मी जुना डीएसएलआर घ्यायला सांगेन. त्याच्या १८-५५ वर रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढे चिमट्याने बसणारी भिंगासारखी काच लावता येते. उजेड फारसा घटत नाही. दुसरा पर्याय एक्स्टेंशन ट्यूबचा. ही बिनकाचेची नळी बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसते. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की प्रतिमेत ०.५ ची भर पडते. पण उजेड कमी होतो आणि नळी काढेपर्यंत लांबचं काही फोकस होत नाही. अगदी स्वस्त नळ्यांना विजेची जोडणी नसते, त्यामुळे ऑटोफोकस बंद पडतो आणि बऱ्याच लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, तेही लहानमोठं करता येत नाही. थोडे जास्त पैसे गेले तरी जोडणीवालीच नळी घ्या, आणि दुकानातच ती लावून पट्टीचा फोटो पुन्हा काढा.