सिलेंडरचा नंबर कसा काढतात?

राजारामपुरीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी

रात्री रंकाळ्याकडेने जाताना समोरच्या दिव्यांना एकाच बाजूला शेपट्या फुटतात, केएमटी बसच्या पाटीवरचे आकडे एकमेकांत मिसळतात, अशी तक्रार असली की बऱ्याचदा सिलेंडर, म्हणजे चष्म्याचा एकाच दिशेपुरता लागणारा नंबर, निघतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी वळलेला असतो. म्हणून कागदावर दोन आकडे येतात: नंबर किती तो ‘सिल’, पाव-पावने वाढणारा, आणि कोणत्या दिशेला तो ‘ॲक्सिस’, १ ते १८० अंश.

मशीनला हनुवटी टेकवल्यावर जी चिठ्ठी निघते, तिच्यावरूनच चष्मा करा असं बरेच जण म्हणतात. आम्ही करत नाही. आत बघताना डोळा ताणला की आकडा सरकतो, लहान मुलांचा तर हमखास. केराटोमीटर कॉर्नियाचा बाक नेमका मोजतो, पण डोळ्यातल्या भिंगाचा वाटा त्यात येत नाही.

नंबर पक्का होतो तो ट्रायल फ्रेम, म्हणजे भिंगं बदलता येणारी तपासणीची फ्रेम, घातल्यावर. दांडीचं छोटं भिंग, क्रॉस सिलेंडर, डोळ्यासमोर उलटसुलट करत आम्ही विचारतो, “पहिलं बरं का दुसरं?” आधी ॲक्सिस, मग सिल. दोन्ही वेळा अक्षर थोडं पुसटच दिसणार. त्यातल्या त्यात बरं कुठलं तेवढं सांगा. “दोन्ही सारखंच दिसतंय की,” म्हणताना लोक उगाच ओशाळतात. आम्ही त्याच उत्तराची वाट बघत असतो, कारण ॲक्सिस जुळला की दोन्ही सारखं दिसतं. घाईने काहीतरी ठोकून दिलंत तर मात्र गडबड होते. ॲक्सिस १० अंश चुकला तर सुमारे एक तृतीयांश सिलेंडर शिल्लक राहतो, ३० अंश चुकला तर काचेचा उपयोगच होत नाही. वाकडी झालेली फ्रेमही म्हणूनच त्रास देते. घेऊन या, सरळ करून देऊ.

दोन ठिकाणचे कागद वेगळे दिसले तर लगेच कुणाला दोष देऊ नका. कागदावर आधी साधा नंबर, मग सिल, मग ॲक्सिस लिहितात. −१.००/−०.५०×१८० आणि −१.५०/+०.५०×९० हा एकच नंबर आहे, लिहायची पद्धत वेगळी.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवशीच काढून ठेवा. कडक लेन्स असेल तर आधी फोन करून विचारा. रक्तातली साखर वरखाली होत असेल तर ती स्थिर झाल्यावर या.

वाढत्या वयातलं मूल सारखे डोळे चोळत असेल आणि त्याचा सिलेंडर काही महिन्यांतच वाढला असेल, तर आम्ही नवीन चष्मा लगेच करत नाही. आधी नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे वळणाचा नकाशा, करून आणायला सांगतो.