पाहियास (लुकबान, फिलिपिन्स)

पाहियास म्हणजे फिलिपिन्समधल्या लुकबान गावचा सुगीचा सण, दरवर्षी १५ मेला असतो. लुकबान हे केसोन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी, मनिलापासून गाडीने तीन-चार तासांवर. तागालोग भाषेत 'पायास' म्हणजे सजावट, त्यावरून हे नाव आलं. बाहेरच्यांना हा रंगीबेरंगी रस्त्यांचा, फोटो काढायचा सण वाटतो, पण खरं तर तो एकेका घराचा सण आहे आणि त्याची तयारी घरात कितीतरी आधीपासून सुरू झालेली असते.

सण ज्याचा, तो सान इसिद्रो लाब्रादोर, शेतकऱ्यांचा संत. हा माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा साधा शेतमजूर होता, तो प्रार्थनेत गुंतला की त्याच्या जागी देवदूत नांगर धरायचे अशी कथा सांगतात. त्याला संतपद मिळालं १६२२ मध्ये, आणि गोव्याच्या लोकांना हे ऐकून बरं वाटेल की त्याच दिवशी फ्रान्सिस झेवियरलाही मिळालं, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. स्पॅनिश लोकांबरोबर इसिद्रो फिलिपिन्सला पोचला आणि भातशेती करणाऱ्यांनी त्याला आपलंसं केलं.

गावात सांगतात की पूर्वी शेतकरी आपलं पीक चर्चमध्ये आणून ठेवायचे, पाद्री त्याला आशीर्वाद द्यायचे. पुढे तिथे जागा पुरेना, मग ठरलं की पीक आपापल्या दारात मांडा, संताची मिरवणूकच तुमच्या दारावरून जाईल. तेव्हापासून घराचा दर्शनी भाग हीच वेदी झाली. भाताच्या लोंब्या, चवळीच्या शेंगा, वांगी, मुळे, अननस, नारळ सगळं भिंतीवर आणि खिडक्यांना बांधतात. शेती नसलेलं घर आपल्या धंद्यातलं मांडतं, कोणी बुरी ताडाच्या पानांच्या टोप्या लावतं तर कोणी लोंगानिसाच्या माळा सोडतं. लोंगानिसा म्हणजे इथलं लसूण घालून केलेलं सॉसेज, लुकबानचं फार नावाजलेलं.

या सगळ्यात जीव आहे तो किपिंगमध्ये, म्हणजे तांदळाच्या पातळ रंगीत पापडांमध्ये. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात रंग घालायचा, ते पीठ काबाल झाडाच्या पानावर पातळ पसरून वाफवायचं, गार झालं की हलक्या हाताने सोडवायचं आणि वजनाखाली ठेवून सपाट वाळवायचं. कोकणात फेण्या करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल, फरक एवढाच की इथे पानाच्या शिरान् शिरा पापडावर उमटलेल्या दिसतात आणि तेच त्याचं सौंदर्य. घाई केली तर फाटतं. हे काम घरातल्या आज्यांकडून मुलींकडे, सुनांकडे, नातवंडांकडे आलेलं आहे, पुस्तकातून नाही. अशी शेकडो किपिंग एकात एक ओवून मोठाली झुंबरं करतात, त्यांना आरांग्या म्हणतात, ती खिडक्यांतून खाली लोंबतात आणि वारा आला की आतून उजेड लागल्यासारखी चमकतात.

मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे सगळ्या घरांचा नंबर एकाच वर्षी लागत नाही, आणि आपल्या गल्लीची पाळी आली की मनिलात नोकरीला असलेली मुलं, परदेशी गेलेले मामा-मावश्या शक्य असेल तर हमखास घरी येतात. पहाटे मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) होते, मग संताची मूर्ती निघते, सोबत सजवलेले काराबाव (तिथले रेडे) आणि कागदाच्या लगद्याचे उंच हिगांते (महाकाय बाहुले). दारं सगळ्यांना उघडी. पान्सित हाबहाब या नूडल्स केळीच्या पानावर घेतात, वर व्हिनेगर शिंपडतात आणि काटा-चमचा न घेता पान थेट तोंडाला लावून खातात.

हल्ली सजावटीची स्पर्धा असते, बक्षिसं असतात, पर्यटकांची गर्दीही प्रचंड. माझ्या मते त्याने सजावट आणखी भव्य झाली, पण जिथे मूर्ती येताना घरातलं म्हातारं माणूस दारात हात जोडून उभं असतं तिथे सण अजून तसाच आहे. त्याच दिवशी शेजारच्या तायाबासमध्ये लोकांवर सुमान (पानात बांधलेला चिकट भात) उधळतात, सारियायामध्ये बांबूला टांगलेलं खाणं लोक झोंबून काढतात.

मिरवणूक गेली की भिंतीवरचं पीक शेजारी-पाहुण्यांत वाटून टाकतात. किपिंगही खाली उतरवतात, जी धड राहिली ती तेलात तळतात, फुलून कुरकुरीत होतात, आणि पोरं स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या ती संपवतात.