कडबा खाणारा बैल आणि आडवी होणारी खुर्ची

"नॉनस्टॉप मिळालं ते बरं झालं, आई. मध्ये उतरलं की पुन्हा टेक-ऑफ आला. आणि इंधन सगळं टेक-ऑफलाच तर जातं!"

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर माझी ट्रॉली ढकलता ढकलता जावई म्हणाले. जावयाला चारचौघांत दुरुस्त करू नये एवढं मला कळतं, म्हणून गप्प बसले. पण बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या बाईला असं वाक्य चावत राहतं. पुढचे अठरा तास ते माझ्यासोबत होतं.

लेकीनं साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे विमानकंपनीच्या बक्षीस-गुणांवर, बिझनेस क्लासचं तिकीट काढलं होतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क, साधारण १५,३०० किलोमीटर, वेळापत्रकानुसार १८ तास ४० मिनिटं. जगातल्या नियमित विमानफेऱ्यांत सध्या सर्वांत लांब ही. विमान एअरबस ए३५०-९०० यूएलआर, म्हणजे त्या विमानाची खास लांब पल्ल्याची आवृत्ती. खुर्चीचं वर्णन करत बसत नाही. पाठ पुढे पाडली की मागच्या बाजूनं गादी निघते, आपल्याकडच्या सोफा-कम-बेडसारखी, आणि पाय तिरके करून समोरच्या कोनाड्यात सारायचे. मला जास्त रस होता तो समोरच्या पडद्यावरच्या एका आकड्यात. उड्डाणानंतर विमान स्थिरावलं तेव्हा उंची होती ३१,००० फूट.

तो आकडा सध्या बाजूला ठेवू आणि बैलगाडीत बसू.

गाडीत कडबा भरलाय. वाटेत कुठे चारा मिळणार नाही, बैलांनी गाडीतलाच कडबा खायचा. आता नियम असा, की ओझं जास्त तेवढी बैलांची भूक जास्त. लांब जायचं तर कडबा जास्त भरावा लागणार. पण कडबा जास्त म्हणजे ओझं जास्त, म्हणून भूक जास्त, म्हणून आणखी कडबा. सुरुवातीच्या मैलांत बैल जे खातात, त्यातलं बरंचसं पुढच्या मैलांचा कडबा ओढण्यासाठीच खातात.

विमानाचं तंतोतंत हेच आहे. आजचं चांगलं जेट विमान दर हजार किलोमीटरला आपल्या त्या वेळच्या वजनाच्या साधारण तीन टक्के इंधन जाळतं. महत्त्वाचे शब्द 'त्या वेळच्या वजनाच्या' हे. शाळेतलं चक्रवाढ व्याज आठवा. तिथे मुद्दल वाढत जातं, इथे घटत जातं, गणित एकच. या विमानाचं उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त वजन २८० टन असू शकतं. म्हणजे पहिल्या हजार किलोमीटरला ८.४ टन. शेवटच्या हजाराला, वजन १७५ टनांच्या आसपास उतरलेलं असताना, ५.४ टन. विमान तेच, इंजिनं तीच, वेग जवळपास तोच.

हे तीन टक्के आले कुठून? इथे मी थोडी रमणार आहे. आकडेमोड नकोशी असेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावा.

जेट विमानाचं इंधन म्हणजे रेशनच्या रॉकेलचा सख्खा भाऊ. एक किलो जाळलं की ४३ दशलक्ष ज्यूल ऊर्जा मिळते. या ऊर्जेनं त्याच एक किलोला सरळ वर उचलत नेलं तर किती उंच जाईल? गुरुत्वत्वरण ९.८ नं भागा, उत्तर येतं ४४ लाख मीटर, म्हणजे ४,४०० किलोमीटर. (वर जाताना गुरुत्व कमी होतं, ते सोडून द्या.) पण इंजिनाला या ऊर्जेतली सुमारे ४० टक्केच विमान पुढे ढकलायला वापरता येते, बाकी उष्णता आणि वारा. उरले १,७६० किलोमीटर. आता पंखाची करामत. १९ किलो वजन हवेत तोलून धरायला चांगल्या पंखाला फक्त एक किलोभाराचा रेटा पुरतो. म्हणून १९ नं गुणा: ३३,००० किलोमीटर आणि वर थोडं. हे विमानाचं स्वभाववैशिष्ट्य म्हणा. हजार किलोमीटर हे त्याच्या तेहतिसाव्या भागाइतके, म्हणून तीन टक्के. आणि कापायचं अंतर भागिले ३३,००० हा आकडा 'ई'च्या (गणितातला २.७१८ हा स्थिरांक) घातांकात टाकला की सुरुवातीचं वजन शेवटच्या वजनाच्या किती पट हवं ते मिळतं. याला ब्रेगेचं समीकरण म्हणतात, फ्रेंच विमानकार लुई ब्रेगे यांच्या नावावरून. इंधनाचं रसायन, इंजिनाचं यंत्रशास्त्र आणि पंखाचं वायुगतिशास्त्र, तिघांचा गुणाकार एका ओळीत. मला हे समीकरण एखाद्या बंदिशीसारखं आवडतं.

आता १५,३०० किलोमीटरसाठी निघतानाचं वजन उतरतानाच्या किती पट हवं याचं उत्तर काढलं तर १.५९ येतं. म्हणजे न्यूयॉर्कला पोहोचणाऱ्या प्रत्येक किलोसाठी ५९० ग्रॅम रॉकेल जळणार. उतरताना विमान १७५ टनांचं धरलं, तर निघताना २७८ टन हवं. २८० च्या मर्यादेला जेमतेम दोन टन शिल्लक! हे सगळं माझं बोर्डिंग पासच्या पाठीवरचं गणित आहे, कंपनीचे आकडे नव्हेत. पण मर्यादेच्या इतकं जवळ उत्तर आलं तेव्हा मी हवाईसुंदरीकडे पाहून उगाचच हसले, आणि ती बिचारी चहा घेऊन आली.

जळालेलं इंधन १०३ टन. आता जावयांचा मुद्दा तपासू. हाच प्रवास मधोमध थांबून केला तर प्रत्येक टप्प्याला सुमारे ४६ टन लागतात, दोन्ही मिळून ९१. बारा टन वाचले. आणि त्या बदनाम टेक-ऑफचं काय? २२० टनांचं विमान ११ किलोमीटर वर न्यायला आणि त्याला पूर्ण वेग द्यायला लागणारी ऊर्जा मोजली, तर पावणेदोन टन इंधन होतं. त्यातलंही बरंच उतरताना परत मिळतं, कारण घाट उतरणाऱ्या सायकलीसारखं विमान खाली येताना इंजिनं जवळजवळ नुसती फिरत असतात. तेव्हा 'सगळं टेक-ऑफलाच' हे खरं नाही. टेक-ऑफला इंजिनं गरजतात, आपल्याला खुर्चीत दाबतात, म्हणून आपण तसं समजतो. खर्च निमूटपणे होत राहतो तो पुढच्या अठरा तासांत.

जावयांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. बरोबर मध्यावर, सरळ वाटेवर विमानतळ असेल असं नाही. आमच्याच विमानकंपनीची, सिंगापूर एअरलाइन्सची, फ्रँकफर्टला थांबून न्यूयॉर्कला जाणारी सेवाही आहे. त्या वाटेनं अंतर हजारभर किलोमीटर वाढतं, आणि माझ्या हिशेबात बारा टनांची बचत वळणात वितळून तीनेक टनांवर येते. मग थांबण्यात फायदा काय? फायदा डोकी मोजल्यावर कळतो.

सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५०-९०० मध्ये २५३ खुर्च्या असतात. आमच्या विमानात होत्या १६१: बिझनेसच्या ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमीच्या ९४. साधी इकॉनॉमी नाहीच. टाक्यांची क्षमता १,६५,००० लिटर केलेली, पुढचा मालाचा कप्पा वापरातून काढलेला. जी ९२ माणसं कमी केली, त्यांचं सामानासकट वजन नऊ टनांच्या आसपास. ते नऊ टन न्यूयॉर्कला न्यायचे तर वर पाच टनांहून जास्त रॉकेल, आणि मर्यादेला तर दोनच टन उरलेत. बसत नाही. म्हणून माणसं गाळायची. आणि गाळायचीच असतील तर जास्त पैसे देणारी ठेवायची.

लोक म्हणतात, एवढा लांब प्रवास, म्हणून आरामासाठी बिझनेस क्लास. विमानकंपनीच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर उलटं आहे. एवढा लांब प्रवास, म्हणून माणसं थोडी. माणसं थोडी, म्हणून जागा मोकळी. मोकळ्या जागेत गादी अंथरली आणि तिचे पैसे लावले. माझी आडवी होणारी खुर्ची त्या चक्रवाढीतून जन्मली होती. डोई हिशेब केला तर १०३ टन भागिले १६१, म्हणजे माणशी ६४० किलो. थांबून जाणाऱ्या २५३ खुर्च्यांच्या विमानात तोच हिशेब सव्वाचारशेच्या आसपास येतो. मी जास्त जागा अडवून झोपले होते, तेव्हा माझा वाटा ६४० पेक्षा अर्थातच मोठा.

हा धंदा आधीच्या विमानांना झेपला नव्हता. याच कंपनीनं २००४ मध्ये सिंगापूर ते न्यूअर्क नॉनस्टॉप सुरू केली, चार इंजिनांच्या ए३४०-५०० वर. पुढे त्यात फक्त बिझनेसच्या १०० खुर्च्या ठेवल्या. तरी २०१३ मध्ये सेवा बंद झाली आणि २०१८ मध्ये नव्या विमानासह परत आली. ३३,००० च्या जागी आकडा थोडा जरी लहान असला, तरी घातांकात बसून तो फार मोठा खड्डा पाडतो.

निघण्याआधी थोरल्या नणंदबाईंचा फोन आला होता. "झोपायची सोय आहे म्हणे! उत्तरेला डोकं करू नकोस." आता काय सांगायचं? या खुर्चीत पाय विमानाच्या नाकाकडे आणि डोकं शेपटीकडे. पॅसिफिकवरून ईशान्येला जाताना माझं डोकं नैऋत्येला होतं. पुढे अमेरिकेवर विमान आग्नेयेला वळलं तेव्हा ते आपोआप वायव्येला गेलं, म्हणजे अर्धं उत्तरेलाच, आणि मी ढाराढूर. पृथ्वीचं चुंबकत्व टेस्ला या चुंबकत्वाच्या एककाच्या एक लाख भागांत पाच भाग. एमआरआय यंत्रात दीड टेस्ला असतं, म्हणजे तीस हजार पट, आणि तिथून माणूस उठून घरी जेवायला जातो. तीच गत जेट लॅग घालवणाऱ्या चुंबकाच्या कड्यांची. विमानात थकवा येतो तो कोरड्या हवेनं, विसकटलेल्या झोपेनं आणि कमी दाबानं. ए३५० च्या केबिनमधला दाब सहा हजार फुटांवरच्यासारखा ठेवतात, म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडं वर बसून अठरा तास काढतो. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांपर्यंतचा असे.

मध्येच जाग आली. खिडक्या बंद, सगळीकडे निळसर अंधार, पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी घोरत होतं. पडद्यावर उंची ३५,००० फूट. मी उठून बसले. मग झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. तासांमागून तास आकडा स्थिर, आणि मग अचानक इंजिनांचा सूर किंचित चढायचा आणि काही मिनिटांत आकडा दोन हजारांनी वर: ३७,०००, मग ३९,०००. दोन हजारांचीच पायरी, कारण पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार अशी आकाशाची वाटणी आहे.

पंखाला एक ठरावीक कोन सर्वांत मानवतो, त्या कोनातच एकोणीसास एक हे प्रमाण मिळतं. वेग तोच ठेवायचा, कोन तोच ठेवायचा, आणि वजन मात्र घटतंय. मग बदलायचं काय? हवा! वजन जेवढ्या पटीनं कमी, तेवढ्याच पटीनं विरळ हवेत जायचं. २८० चे १७५ टन झाले, म्हणजे वजन ६२ टक्क्यांवर आलं. प्रमाण वातावरणात ३१,००० फुटांवर हवेची घनता घनमीटरला ०.४४ किलो, ४१,००० फुटांवर ०.२९. भागाकार ६५ टक्के. किती जवळ! वातावरणाचं कोष्टक आणि जळालेलं रॉकेल दोघंही एकच गोष्ट सांगत होते, आणि शेवटी पडद्यावर ४१,००० उमटलं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली.

ही मर्यादा किती नाजूक असते ते भारतीय प्रवाशांनी २०२५ मध्ये पाहिलं. एप्रिलमध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, वळसा वाढला, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला नॉनस्टॉप जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. बैलगाडी तीच, कडबा तेवढाच, रस्ता लांबला.

आता ऑस्ट्रेलियाची क्वांटास ही विमानकंपनी सिडनी ते लंडन नॉनस्टॉपच्या तयारीत आहे. ए३५०-१००० मध्ये २०,००० लिटरची जादा टाकी आणि खुर्च्या फक्त २३८. अंतर १७,००० किलोमीटर, म्हणजे माझ्या हिशेबात किलोला पावणेसातशे ग्रॅम. जाहिरातींत व्यायामाच्या कोपऱ्याचं आणि दिव्यांच्या रंगांचं कौतुक फार आहे, टाकीचं कमी. प्रकल्पाचं नाव 'सनराइज', आणि त्या नावामागची गोष्ट मला सगळ्या जाहिरातींपेक्षा आवडते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, याच कंपनीची कॅटालिना समुद्री विमानं पर्थहून श्रीलंकेला न थांबता जात. २७ तासांच्या वर प्रवास, वाटेत दोनदा सूर्योदय. एवढं इंधन भरल्यावर विमानात जागा उरे ती तीन प्रवाशांची आणि ६९ किलो टपालाची.

माझ्या बॅगेत टपाल नव्हतं, थालीपिठाची दीड किलो भाजणी होती. न्यूयॉर्कला लेक घ्यायला आला, बॅग उचलून म्हणाला, "आई, काय भरलंयस एवढं?"

"भाजणी. आणि ती आणायला नऊशे ग्रॅम रॉकेल."

त्यानं नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी त्याला बजावलं, भाजणी संपली की स्टीलचा डबा घासून ठेव, मला परत न्यायचाय. मग गाडीत बसल्यावर आठवलं, डबा रिकामा असला तरी चारशे ग्रॅमचा आहे.