मोठ्या आतड्याचा कॅन्सर: रक्ताला काय विचारायचं?

नागपुरात मे महिन्यात शौचावाटे रक्त पडलं, की निदान घरातच होऊन जातं: गरमी झाली. परवा सावजी खाल्लं होतं, ऊन लागलं, जुनी मूळव्याध उठली असेल. ताक आणि सब्जा सुरू होतो, त्यात दोन-तीन महिने निघून जातात. बहुतेकदा ती खरोखर मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सरही याच वाटेने डोकं वर काढतो. म्हणून ‘आता रक्त तपासून कॅन्सर कळतो’ ही बातमी वाचलेल्यांना आधी एक सांगायला हवं. रक्त पडतंय, कारण नसताना वजन उतरतंय, शौचाची सवय बदलली आहे, अशा माणसासाठी ही तपासणी नाहीच. त्याला डॉक्टरांनी तपासायला हवं, आणि बहुतेक वेळा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं पाहणं, लागते.

मग ही तपासणी असते तरी काय? आपल्या पेशी रोज मरतात आणि मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. मंडेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे 1948 मध्येच दाखवलं होतं. गाठ असेल तर तिचेही तुकडे त्यात असतात, पण सुरुवातीच्या टप्प्यात त्यांचा वाटा अनेकदा हजारात एकापेक्षाही कमी. एवढ्या गर्दीतून ते ओळखायचे कसे? एक खूण मिथाइल गटांची. डीएनएवर चिकटलेल्या या छोट्या रासायनिक गटांमुळे जनुकं चालू-बंद होतात आणि कॅन्सरच्या पेशीत त्यांची मांडणी बिघडते. सेप्टिन-9 या जनुकावरची अशी खूण शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर जुलै 2024 मध्ये ‘शील्ड’ या चाचणीला मिळाली, तीही 45 वर्षांवरच्या, लक्षणं नसलेल्या आणि सर्वसाधारण धोका असलेल्यांसाठी.

शील्डच्या मोठ्या अभ्यासात कॅन्सर असलेल्या 100 पैकी 83 जण सापडले. आकडा चांगला आहे. पण पुढे मोठी गाठ होऊ शकेल असे धोकादायक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे कोंब, असलेल्यांपैकी फक्त 13 टक्के लोक तिला सापडले. मला हा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि कोलोनोस्कोपी करताना तो तिथल्या तिथे काढता येतो. म्हणजे कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो. रक्ताच्या चाचणीला हे जमत नाही.

दुसरा हिशेब खोट्या इशाऱ्यांचा. निरोगी माणसांतही दहातल्या एकाची चाचणी पॉझिटिव्ह येते. लक्षणं नसलेल्या हजार जणांत पाच जणांना कॅन्सर आहे असं धरलं, तर चाचणी त्यातले चार पकडेल, आणि सोबत शंभरेक जणांची झोप उडवेल. त्या सगळ्यांना शेवटी कोलोनोस्कोपी करावीच लागेल.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त रक्ततपासणीकडे मात्र दुर्लक्ष होतं: हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारा साधा सीबीसी. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ महिनोन्‌महिने थेंबथेंब रक्त गाळते. ते शौचात डोळ्यांना दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं. विदर्भात रक्त कमी असणं इतकं नेहमीचं, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका ओळखीचा, की लोहाच्या गोळ्या लिहून विषय संपतो. पण पन्नाशीच्या पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या अंगात लोह कमी पडत असेल, तर रक्त जातंय कुठे हे शोधायलाच हवं. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढेल, गाठ तिथेच राहील.

रक्ततपासणीची खरी ताकद दिसते ती ऑपरेशननंतर. इथे जुना साथी सीईए, गाठीमुळे रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन. ते मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी 1965 मध्ये शोधलं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत, लिव्हरच्या आजारातही ते वाढतं, काही रुग्णांत गाठ असूनही वाढत नाही. म्हणून पहिल्या निदानाला ते कुचकामी. पण ऑपरेशनआधी वाढलेलं, नंतर खाली आलेलं सीईए पुन्हा चढू लागलं, तर तो आजार उलटल्याचा इशारा असतो. त्यासाठी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासतात.

गाठीच्या डीएनएची तपासणी अनेकदा हे त्याहून आधी सांगते. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक अभ्यासात (2022) दुसऱ्या टप्प्याच्या (गाठ लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेल्या) 455 रुग्णांपैकी एका गटाला केमो द्यायची की नाही हे या तपासणीवरून ठरवलं, दुसऱ्या गटाचं नेहमीच्या पद्धतीने. नेहमीच्या पद्धतीच्या गटात 28 टक्क्यांना केमो घ्यावी लागली, तपासणीच्या गटात 15 टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. जेवढ्यांची केमो टळली, तेवढ्यांच्या हातापायांच्या मुंग्या, उलट्या आणि खर्चही टळला. पॉझिटिव्ह आलेल्यांना जास्त कडक केमो देऊन आयुष्य वाढतं का, यावर अजून काम चालू आहे.

या डीएनए तपासणीच्या नमुन्याची काळजीही वेगळी. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचे तुकडे बुडून जातात. यासाठी पेशी टिकवणारी खास नळी लागते. तीही साधारण 37 अंशांपर्यंतच भरवशाची, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. नमुना बाहेरगावच्या लॅबला जाणार असेल, तर तो कसा पाठवणार हे जरूर विचारा.

गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून रुग्ण ऑपरेशनसाठी नागपुरात येतात आणि पुढचा फॉलोअप गावाजवळ घेतात. त्यांनी ऑपरेशनआधीच सीईए करून घ्यावं, कारण नंतरच्या आकड्याची तुलना त्याच्याशीच होते. डीएनएच्या काही चाचण्या आधी गाठीतले बदल वाचतात, मग तेच रक्तात शोधतात. त्यासाठी पॅथॉलॉजीतला मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, लागतो. तो कुठे ठेवला आहे ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून फाइलवर लिहून घ्यावं.