मसाच्चोचा पीटर, मायकेलअँजेलोची शाई

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाची चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, भिंतींवर चित्रकार मसाच्चोने १४२०च्या दशकात चित्रं रंगवली. पुढे कित्येक पिढ्या होतकरू चित्रकार तिथे बसून हात घटवत राहिले. नक्कल करण्यात कमीपणा नव्हता, शिकायची रीतच ती होती. एकच चांगला गुरू धरा आणि रोज त्याच्यावरून रेखाटा, असं चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४००च्या सुमारास लिहून ठेवलं होतं.

१४८८मध्ये तेरा वर्षांचा मायकेलअँजेलो तीन वर्षांच्या कराराने चित्रकार गिर्लान्दायोच्या कार्यशाळेत दाखल झाला. पक्ष्याच्या पिसाच्या लेखणीने आडव्या-तिरप्या रेघांची जाळी विणायची पद्धत त्याने तिथे उचलली. सांता क्रोचे चर्चमधल्या जुन्या चित्रकार जॉत्तोच्या भित्तिचित्रातल्या दोन आकृतींची त्याची नक्कल आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मसाच्चोच्या संत पीटरची म्युनिकमध्ये.

म्युनिकचा कागद नीट पाहण्यासारखा आहे. ब्रांकाची चॅपेलमधल्या मूळ चित्रात येशूकडे कर मागितला जातो तो प्रसंग आहे आणि त्यात त्याचा शिष्य पीटर तीनदा येतो. मायकेलअँजेलोने उजवीकडचा, कर चुकता करणारा पीटर तेवढा घेतला. समोरचा कर वसूल करणारा गाळलाच. सगळी मेहनत अंगरख्याच्या घड्यांवर. भिंतीवर उजेडापासून सावलीपर्यंतचा उतार रंगाने साधतो. शाईत रेघ असते किंवा कोरा कागद, मधलं काही नाही. म्हणून आधी घडीच्या वळणाने समांतर रेघा, त्यांवर तिरप्या, खोल खाचेत आणखी एक थर. रेघांमधलं अंतर कमी होईल तशी सावली दाटते. खालचा थर ओला असताना वरची रेघ ओढली, तर छेदावर शाई साचून डाग पडतो आणि घडी सपाट दिसते. आमच्या मते ही नक्कल राहतच नाही, दगडासारख्या घन शरीराचा तो अभ्यास होतो.

त्या काळी सर्रास वापरली जाणारी शाई मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), हिराकस (लोहाचा क्षार) आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांची. मायफळ कुटून पाण्यात भिजवायचं, गाळायचं, मग हिराकस घालायचा. मायफळ तीन भाग, हिराकस एक भाग हे प्रमाण बरं. डिंकाने शाई लेखणीवर धरून राहते, कागदावर फुटत नाही. ओढताना रेघ फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि कालांतराने तपकिरी.

हिराकस जास्त झाला, तर सुटं लोह आणि आम्ल मिळून कागद खातात. चिंध्यांच्या लगद्याचा, सरस लावलेला दणकट कागदही त्यातून सुटत नाही. सगळ्यात आधी तुटतात ती जाळीची दाट ठिकाणं, म्हणजे जिथे सावली उत्तम साधलीय नेमकी तीच. असा कागद पाण्याने धुऊ नये: लोह विरघळून आजूबाजूला पसरतं आणि रेघेभोवती तपकिरी कडा उमटते. दमट हवेतही तेच घडतं, फक्त सावकाश.